विमान कोण उडवत आहे?

दिल्लीहून श्रीनगरला निघालेले इंडिगोचे विमान २१ मे २०२५ रोजी पठाणकोटच्या परिसरात ३६ हजार फुटांवर असताना गारांच्या वादळात सापडले. दोनशेहून अधिक प्रवासी घेऊन ते श्रीनगरला सुखरूप उतरले तेव्हा त्याचे नाक गारांनी फोडून काढलेले होते. प्रवाशांच्या आक्रोशाच्या चित्रफिती घरोघरी पोहोचल्या. त्यानंतर जी चर्चा रंगली ती प्रामुख्याने लाहोरच्या नियंत्रण कक्षाने हवाई हद्दीत प्रवेश नाकारल्याची. पहलगामच्या हल्ल्यानंतरचे ते दिवस पाहता हे स्वाभाविकच होते. तथापि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने दोन दिवसांनी जे निवेदन प्रसृत केले, त्यातील खरा महत्त्वाचा मजकूर लाहोरविषयीचा नव्हता.

त्या निवेदनानुसार वादळातील वर उसळणाऱ्या आणि खाली खेचणाऱ्या झोतांमुळे ऑटोपायलट आपोआप सुटला आणि विमानाचा वेग कमालीचा खालीवर होऊ लागला. परिणामी वेगमर्यादा ओलांडल्याचा इशारा आणि विमान स्टॉल होत असल्याचा, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याचा इशारा, हे दोन्ही वाजू लागले. एक इशारा सांगतो की वेग फार आहे, दुसऱ्याचा अर्थ साधारणतः असा की तो फार कमी आहे. विमान खाली येण्याचा दर एका क्षणी मिनिटाला साडेआठ हजार फुटांवर गेला. नेहमीच्या उतरणीत तो दीड ते अडीच हजारांच्या आसपास असतो. या अवस्थेत वैमानिकांनी वादळाबाहेर पडेपर्यंत विमान हातांनी उडवले. त्यानंतर पडद्यावरील बिघाडांच्या सूचनांची पूर्तता केली. त्यानंतर श्रीनगरच्या नियंत्रण कक्षाला ‘पॅन पॅन’ हा, ‘मे डे’च्या खालोखालचा, तातडीचा संदेश दिला.

वादळाच्या इतके निकट जाण्याचा प्रसंग टाळता आला असता काय, हा स्वतंत्र चौकशीचा विषय आहे. परंतु बिघाड घडल्यानंतरच्या कृतींचा क्रम पाहिला तर तो वैमानिकांच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवसापासून घोकून घेतल्या जाणाऱ्या क्रमाशी जुळतो: आधी विमान उडवा, मग दिशा सांभाळा, मग बोला. ऐकताना हे इतके उघड वाटते की त्यात शिकवण्यासारखे काय आहे, असा प्रश्न पडावा. विमान अपघातांचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास मात्र सांगतो की, संकटात सर्वांत आधी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे विमान उडवणे हीच होय.

याचे अभिजात उदाहरण अमेरिकेतील आहे. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचे ट्रायस्टार विमान मायामीला उतरण्याच्या बेतात असताना पुढचे चाक बाहेर आल्याचे दर्शवणारा हिरवा दिवा लागला नाही. ऑटोपायलटला दोन हजार फुटांवर उंची राखण्यास सांगून कॉकपिटमधील सारी मंडळी त्या दिव्यामागे लागली. एकाने तो काढून पाहिला, दुसरा चाक डोळ्यांनी पाहण्यासाठी खालच्या पोकळीत उतरला. या गडबडीत नियंत्रणदांड्याला नकळत धक्का लागला आणि उंची राखण्याची व्यवस्था सुटली. विमान हळूहळू, कोणालाही न जाणवता, एव्हरग्लेड्सच्या अंधाऱ्या दलदलीकडे सरकत राहिले. उंची घटल्याची सूचना देणारा मंजुळ नाद झाला, तो कोणी ऐकला नाही. रडारवर नऊशे फूट हा आकडा पाहून नियंत्रकाने कसे काय चालले आहे, असे विचारले; उंचीबद्दल स्पष्टपणे विचारले नाही. १७६ पैकी १०१ जणांचा मृत्यू झाला. चाक व्यवस्थित बाहेर आलेले होते. दिव्यातील बल्ब तेवढा गेलेला होता.

कॉकपिटमध्ये त्या रात्री अनुभवी माणसांची वाण नव्हती. वाण होती ती ‘विमानाकडे मी पाहतो, दिव्याकडे तुम्ही पाहा’ असे सांगणाऱ्याची. सहा वर्षांनी पोर्टलंडनजीक युनायटेडच्या विमानात कॅप्टन चाकांच्या बिघाडात असा गुंतला की इंधन संपून विमान कोसळले. त्यानंतर १९७९ मध्ये ‘नासा’ने भरवलेल्या कार्यशाळेतून कॉकपिटमधील मनुष्यबळाच्या नियोजनाची शिस्त जन्माला आली. आज प्रत्येक उड्डाणात एक वैमानिक विमान उडवतो आणि दुसरा देखरेख करतो. ही विभागणी त्याच शिस्तीचे फळ आहे. कॅप्टन आणि सहवैमानिक हा हुद्द्यांचा भेद, तर उडवणारा आणि देखरेख करणारा हा कामाचा भेद. दोन्हींची गल्लत झाली की काय होते, याचे भारतीय उदाहरण पुढे येईलच.

ऑटोपायलटमुळे हे ओझे हलके होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती चुकीची नाही. विमान सरळ ठेवणे, ठरलेल्या उंचीवर जाऊन थांबणे, धावपट्टीच्या रेडिओ किरणावरून उतरणे ही कामे यंत्र माणसापेक्षा अधिक नेटकेपणाने करते. दोन हात आणि अर्धे डोके मोकळे होते. बिघाडाच्या वेळी तर ऑटोपायलट चालू असल्यास तो वापरावा, असेच शिकवले जाते. अडचण अशी की, हे यंत्र सांगितलेले काम करते, हवे असलेले नव्हे. त्याच्या वेगवेगळ्या कार्यपद्धती असतात. कधी वेग राखण्यासाठी ते इंजिनांची शक्ती बदलते, तर कधी शक्ती किमान ठेवून नाक वरखाली करत वेग राखते. या क्षणी कोणती पद्धत लागू आहे हे पडद्याच्या वरच्या पट्टीत चार-सहा अक्षरांत लिहिलेले असते. ती अक्षरे वाचणे हेच आधुनिक वैमानिकाचे निम्मे काम झाले आहे. ‘हे आता काय करतेय?’ हा प्रश्न जगभरच्या कॉकपिटमध्ये विनोदाने विचारला जातो. विनोद जुना आहे. त्याची किंमत भारताने फार लवकर मोजली.

मुंबईहून बंगळूरला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ६०५ क्रमांकाचे उड्डाण १४ फेब्रुवारी १९९० रोजी धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले आणि १४६ पैकी ९२ जण मरण पावले. एअरबस ए ३२० हे विमान तेव्हा भारतात नवे कोरे होते. अखेरच्या टप्प्यात विमानाची स्वयंचलित यंत्रणा इंजिने किमान शक्तीवर ठेवणाऱ्या पद्धतीत होती. उतरणीचा दर बदलणाऱ्या कळीऐवजी उंचीची कळ फिरवली गेली असावी, असा तर्क चौकशीत पुढे आला. यंत्राने आज्ञा पाळली. वेग घटत गेला, आणि तो घटतो आहे हे दोघाही वैमानिकांच्या वेळेत लक्षात आले नाही. विमानात कोणताही बिघाड नव्हता. त्यानंतर या जातीची सर्व विमाने देशात काही महिने जमिनीवर उभी ठेवण्यात आली, दोष यंत्राचा की माणसाचा यावर वाद झडले, आणि यथावकाश शमले. वस्तुतः दोष त्या दोघांमधल्या जागेत होता.

ही जागा किती धोकादायक असू शकते हे लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ मध्येच एका निबंधात मांडले होते. तिचा मुद्दा साधा होता. सोपे काम यंत्राकडे दिले की माणसाकडे उरते ते अवघड काम आणि देखरेख. रोजच्या सरावाअभावी अवघड काम करण्याची त्याची क्षमता गंजते, आणि तासन् तास नुसते पाहत बसणे हे माणसाला मुळातच जमत नाही. म्हणजे यंत्र जितके विश्वासार्ह, तितका त्याच्या अपयशाच्या क्षणी माणूस अधिक बेसावध. निबंध विमानांपुरता नव्हता, रासायनिक कारखान्यांनाही तो तितकाच लागू होता. परंतु त्यातील भाकीत सर्वांत क्रूरपणे खरे ठरले ते अटलांटिक महासागरावर.

१ जून २००९. रिओहून पॅरिसला जाणारे एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे उड्डाण, ३५ हजार फूट उंची, मध्यरात्र. कॅप्टन नियमाप्रमाणे विश्रांतीसाठी गेलेला, कॉकपिटमध्ये दोन सहवैमानिक. बर्फाच्या कणांनी वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या तुंबल्या. वेगाचे आकडे परस्परांशी जुळेनात, म्हणून ऑटोपायलटने अंग काढून घेतले. तांत्रिकदृष्ट्या त्याचे वागणे निर्दोष होते. खात्री नसताना उडवत राहणे हे त्याच्या नियमात बसत नाही. नळ्या मिनिटाभराच्या आत मोकळ्या झाल्या. त्या मिनिटात काहीही न करता विमानाचे नाक आणि इंजिनांची शक्ती होती तशी ठेवली असती, तर ते उड्डाण बहुधा कोणाच्या स्मरणातही राहिले नसते.

प्रत्यक्षात उजवीकडच्या वैमानिकाने दांडी मागे ओढली आणि विमान जवळपास ३८ हजार फुटांवर चढले. वेग गमावून ते स्टॉल झाले आणि पडू लागले. स्टॉलचा इशारा सलग ५४ सेकंद वाजत राहिला, त्यावर दोघांत एक शब्दही बोलला गेला नाही. दीड मिनिटाने कॅप्टन परतला तो अशा खोलीत की जिथे प्रत्येक यंत्र काहीतरी सांगत होते आणि कोणत्याही दोन गोष्टींचा मेळ लागत नव्हता. यात यंत्राच्या रचनेनेही भर घातली. मोजलेला वेग फारच कमी झाला की संगणक तो आकडा निरर्थक मानून इशारा बंद करी. वैमानिकाने नाक खाली केले, म्हणजे योग्य तेच केले, की वेग थोडा वाढून इशारा पुन्हा वाजू लागे. योग्य कृतीला ओरड आणि चुकीच्या कृतीला शांतता, असा तो उफराटा न्याय होता. शिवाय एअरबसच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या एकमेकींशी जोडलेल्या नसतात. शेजारचा आपली दांडी मागे ओढून बसला आहे हे हाताला कळत नाही. ऑटोपायलट सुटल्यापासून समुद्रावर आदळेपर्यंत ४ मिनिटे २३ सेकंद गेली. २२८ जणांपैकी कोणीही वाचले नाही. फ्रान्सच्या तपास यंत्रणेचा २०१२ मधील अंतिम अहवाल वाचताना वैमानिकांना दूषणे देणे सोपे आहे. त्या उंचीवर हातांनी विमान उडवण्याचा सराव त्यांना कोणी आणि किती दिला होता, हा प्रश्न त्याच अहवालाने विचारला आहे.

याच्या नेमका उलटा अनुभव दीड वर्षाने आला. ४ नोव्हेंबर २०१० रोजी क्वांटासचे ए ३८० विमान सिंगापूरहून सिडनीला निघाले. सात हजार फुटांवर असताना डावीकडचे दुसरे इंजिन फुटले. टर्बाइनची चकती फुटून तिचे तुकडे पंखातून आरपार गेले, खालच्या बाताम बेटावर अवशेष पडले. विमानात ४६९ माणसे होती. इंधनगळती, हायड्रॉलिक, विद्युत, ब्रेक, पंखांवरील पट्ट्या अशा जवळजवळ प्रत्येक व्यवस्थेला इजा झाली आणि पडद्यावर बिघाडांच्या सूचनांची रांग लागली. एक पूर्ण करावी तो पुढची हजर. ती रांग संपवायला जवळपास एक तास लागला.

कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी यांनी स्फोटानंतर पहिल्या क्षणी केलेली गोष्ट फारच साधी होती: ऑटोपायलटला आहे त्या उंचीवर विमान सरळ धरण्याची आज्ञा दिली. चढण थांबली, विचाराला वेळ मिळाला. मग वाटणी झाली. विमान कॅप्टन उडवणार, सूचनांची रांग सहवैमानिक हाताळणार. योगायोगाने त्या दिवशी परीक्षणासाठी आलेल्या दोन ज्येष्ठ कॅप्टनांसह पाच वैमानिक कॉकपिटमध्ये होते. उरलेल्यांनी उतरण्याची गणिते मांडली. चांगी विमानतळापासून फार दूर न जाता घिरट्या घालत हे काम चालले. विमानाच्या प्रचंड वजनामुळे आणि जखमी ब्रेकांमुळे चार किलोमीटरच्या धावपट्टीवर जेमतेम शंभर-दीडशे मीटर शिल्लक राहतील, असे उत्तर आले. आकडे एकदा भरून संगणकाने उत्तरच दिले नाही म्हणून ते पुन्हा भरावे लागले होते, हेही नमूद करण्याजोगे आहे.

दोन गोष्टी येथे विशेष लक्षात घ्याव्यात. इंधनाचा समतोल बिघडल्याने ते एका टाकीतून दुसरीकडे वळवण्याची सूचना यंत्राने दिली होती. पंख फुटलेला असताना इंधन कोठे जाईल याची शाश्वती नाही, या विचाराने वैमानिकांनी ती पाळली नाही. चेकलिस्ट धाब्यावर बसवण्याचा हा प्रकार नव्हता. तिच्या गृहीतकांपलीकडची परिस्थिती ओळखण्याचा होता. दुसरी गोष्ट खुद्द डी क्रेस्पिनी यांनी नंतर सांगितली. काय काय बिघडले हे मोजण्यात डोके भंडावून गेल्यावर त्यांनी प्रश्न उलटा केला: काय काय चालू आहे? उरलेल्या भागांतून एखादे छोटे सेसना विमान मनात जुळवता येते का? यादी आटोपशीर झाली. उतरण्यापूर्वी विमान हाताने हलवून ते कह्यात राहते याची परीक्षा घेण्यात आली. सुमारे पावणेदोन तासांनी विमान उतरले आणि धावपट्टी संपण्याच्या थोडे आधी थांबले. तापलेल्या ब्रेकांशेजारी इंधन गळत होते आणि एक इंजिन बंद होण्याचे नाव घेत नव्हते. तरीही घसरगुंड्या सोडून पळापळ करायची नाही, प्रवाशांना आतच थांबवायचे, हा निर्णयही त्याच शांतपणे झाला. एकालाही इजा झाली नाही.

पाच वैमानिक होते म्हणून निभावले, असे म्हणता येईल. पण मायामीलाही कॉकपिटमध्ये माणसे कमी नव्हती.

आता भारताकडे. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून कोळिकोडला आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पावसात टेबलटॉप धावपट्टीवरून घसरून खाली कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण दगावले. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. बिघाड क्षुल्लकच, पण मुसळधार पाऊस, रात्र आणि पाठीमागून येणारा वारा यांच्या जोडीला तो आला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठी कॅप्टन कोळिकोडलाच हवा होता, या दडपणाचाही अहवालात उल्लेख आहे. विमान निम्मी धावपट्टी मागे टाकून टेकले. देखरेख करणाऱ्या सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे पुन्हा वर चला, असे म्हटले होते. कॅप्टनने ते मानले नाही. सहवैमानिकाने ताबा स्वतःकडे घेतला नाही, हेही चौकशी अहवालाने कारणांत नोंदवले. कागदावर हा अधिकार प्रत्येक सहवैमानिकाला असतो. वयाने आणि अनुभवाने कितीतरी मोठ्या माणसाच्या हातातून विमान काढून घेण्याचे धैर्य मात्र कागदावरून येत नाही, आणि वडीलधाऱ्यांपुढे न बोलण्याचे संस्कार असलेल्या समाजात तर ते मुद्दाम घडवावे लागते. सिम्युलेटरमध्ये इंजिन बंद पडण्याचा सराव दर सहा महिन्यांनी होतो. कॅप्टन चुकण्याचा सराव कितीदा होतो, हे विमान कंपन्यांना विचारायला हवे.

हे विचारण्याची वेळ आली आहे, याचे कारण आकड्यांत आहे. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदवली. विमाने कारखान्यातून येतात. कॅप्टन तसा येत नाही. त्यात थकव्याची भर आहे. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या उतरणींची संख्या सहावरून दोनवर आणणारे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. ते टप्प्याटप्प्याने २०२५ मध्ये लागू झाले. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांची पूर्वतयारी अपुरी पडल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर हाहाकार उडाला, आणि सरकारने रात्रपाळीच्या काही नियमांतून त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. अडकलेल्या प्रवाशांचा संताप रास्त होता. परंतु झोप न झालेला वैमानिक निरभ्र आकाशात, ऑटोपायलटच्या भरवशावर, शंभरदा सुखरूप पोहोचवतो. पठाणकोटच्या वादळात लागणारे वैमानिक ते नव्हेत, हे त्या दिवसांतल्या गदारोळात फारसे कोणी बोलले नाही.

दुसरीकडे, जगभर उलट्या दिशेनेही प्रयत्न चालू होते. लांब पल्ल्याच्या उड्डाणात मधल्या शांत टप्प्यात कॉकपिटमध्ये एकच वैमानिक ठेवावा, दुसऱ्याने विश्रांती घ्यावी, या कल्पनेचा युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने अभ्यास करवून घेतला. दोन वैमानिकांइतकी सुरक्षितता त्यातून मिळेल हे सध्याच्या कॉकपिटमध्ये पुरेसे सिद्ध करता येत नाही, असा निष्कर्ष २०२५ मध्ये निघाला. प्रस्ताव मागे पडला असला तरी त्यामागचे अर्थकारण संपलेले नाही, आणि नव्या विमानांच्या निमित्ताने तो पुन्हा पुढे आल्यास आश्चर्य वाटायला नको.

तेव्हा एका पुण्याच्या उड्डाणाची आठवण काढता येईल. मे २०१० मध्ये, मंगळूरच्या दुर्घटनेनंतर अवघ्या काही दिवसांत, दुबईहून पुण्याला येणाऱ्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानात कॅप्टन स्वच्छतागृहात गेला होता. पंचविशीतल्या सहवैमानिकाने आसन पुढेमागे करताना नियंत्रणदांडी नकळत पुढे ढकलली गेली आणि विमानाने नाक खाली घातले. तो गोंधळला. सावरण्याची कृती त्याला सुचली नाही, बंद दार उघडणेही जमले नाही. बाहेर अडकलेल्या कॅप्टनने आणीबाणीचा सांकेतिक क्रमांक वापरून दार उघडले, आसनावर येऊन विमान सावरले. तोवर ते सुमारे सात हजार फूट खाली आलेले होते. हवा स्वच्छ होती, इंजिने ठीक होती, आणि उड्डाणाचा तो टप्पा सर्वांत शांत, कामाचे ओझे सर्वांत कमी असलेला मानला जातो.